वॉर्डबाईंच्या किल्ल्या

मंगळवारी सकाळी साडेनऊपर्यंत एल्म क्रीकच्या खानावळीतली चूल पेटलेली हवी, असा नियम होता आणि ते काम नीलांबरीकडे होतं. आदल्या दिवसाची राख उकरायची, तळाशी एखादा निखारा जिवंत असला तर त्याला काटक्या घालून फुंकर मारत बसायचं, आणि नसलाच तर आजूबाजूला कोणी नाही असं बघून झग्याच्या खिशातला लायटर काढायचा. सतराशे पंचावन्न साली लायटर नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं आणि व्यवस्था बघणाऱ्या मिसेस हॉलोवेंनाही. पण त्या तेवढ्यापुरत्या खिडकीबाहेर बघत.

नीलांबरी राहायची त्या अ‍ॅशबर्नहून पश्चिमेला तासभर गाडी हाकली की डोंगराच्या पायथ्याशी हे गाव लागे. खरं गाव नव्हे. इंग्रजांची वसाहत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरून आत सरकत सरकत जिथे थबकली, त्या सरहद्दीवर माणसं कशी राहत असतील, ते दाखवायला इतिहासाचं वेड असलेल्या काही लोकांनी हे उभं केलं होतं. भोवती टोकदार ओंडक्यांचा तट, आत बारा लाकडी घरं, लोहारशाळा, विहीर, एक बुटकं चर्च आणि वाटसरूंसाठी खानावळ. शाळांच्या सहली येत, पेन्शनीत निघालेली जोडपी येत. त्यांच्यासमोर लांब झगे आणि पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं दिवसभर त्या काळातलं जगणं जगत. लोकर पिंजायची, चरबीच्या मेणबत्त्या ओतायच्या, राखेच्या निवळीत साबण शिजवायचा. तीन पायांच्या बिडाच्या भांड्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवून मक्याची भाकर भाजायची. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा नीलांबरीला हसू आलं होतं. तिची कोकणातली मावशी भानोलं असंच तर भाजायची.

गावातली बरीचशी माणसं तिथे बिनपगारी येत. नीलांबरी आणि शरयूला तर पगार घ्यायला कायद्यानेच बंदी होती. दोघींचे नवरे कामाच्या व्हिसावर, दोघी त्या व्हिसाच्या शेपटाला. नीलांबरीचा शंतनू एका डेटा सेंटरमध्ये होता, शरयूचा अंकुर शेजारच्याच बिल्डिंगमध्ये. शरयू नागपूरची, इतिहासात एम.ए. तिनेच ही जागा शोधून काढली होती आणि सहा महिन्यांच्या बाळापायी घरात कोमेजून चाललेल्या नीलांबरीला हाताला धरून आणलं होतं. मंगळवारी बाळाला, म्हणजे सत्यजितला, शुभाकाकू सांभाळत.

शुभाकाकूंची ओळख वेगळी करून द्यायला हवी असं अ‍ॅशबर्नमध्ये कोणी नव्हतं. तीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या. कोणाची डिलिव्हरी झाली की डिंकाचे लाडू घेऊन हजर, नव्याने आलेल्या पोरीला ड्रायव्हिंग शिकवायला हजर. महाराष्ट्र मंडळाचं कुठलंही कार्य त्यांच्यावाचून अडे. हे मुद्दाम सांगायचं, कारण पुढे जे झालं ते कुणा दुष्ट बाईने केलं नाही.

त्या गावात शरयू फुलून यायची. एकदा सहलीतल्या एका पोराने तिचा रंग न्याहाळून विचारलं, तू कुठली इंडियन, या बाजूची की त्या बाजूची? शरयू गंभीर चेहऱ्याने म्हणाली, कोलंबस ज्यांना शोधायला निघाला होता ना, त्या आम्ही. आम्हाला पोचायला जरा उशीर झाला. पोराची मास्तरीण हसून हसून बाकावर बसली.

दोन हजार पाच सालच्या मे महिन्यात मिसेस हॉलोवेंनी ठरवलं की प्रत्येकाला एक कायमचं पात्र द्यायचं. एका टोपलीत चिठ्ठ्या टाकल्या, एकेक जण उचलत गेलं. शरयूला लोहाराची बायको आली. नीलांबरीने चिठ्ठी उघडली आणि तिचा हात थांबला. त्यावर लिहिलं होतं, मिसेस वॉर्ड, विधवा, खानावळीची मालकीण.

मिसेस हॉलोवे समजावून सांगत होत्या. त्या काळी लग्न झालेल्या बाईला स्वतःची सहीसुद्धा नव्हती, सगळं नवऱ्याच्या नावाखाली झाकलेलं. विधवेला मात्र मिळकतीतला तिसरा हिस्सा मिळे, ती करार करू शके, खानावळीचा परवाना तिच्या नावाने निघे. म्हणून या गावात सगळ्यात मान वॉर्डबाईंना, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगाही त्यांच्याच. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत वॉर्डबाईंनी एका ठरलेल्या वाक्याने करायचं. गेल्या हिवाळ्यात तापाने माझा नवरा गेला, पण चूल विझलेली नाही, आत या, बसा.

"लग्न झालेल्या बाईला सही नाही," शरयू मराठीत पुटपुटली. "म्हणजे आपला व्हिसाच की, यार. फक्त झगा तेवढा वेगळा."

नीलांबरीला हसू फुटलं नाही. मंगळसूत्र आणि टिकली काढून लॉकरमधल्या पत्र्याच्या डबीत ठेवायची, हा इथला नियम तिला आधीच जड जात होता. ती मंगळसूत्र काढतच नसे. झग्यावर छातीशी बांधायच्या पदरासारख्या रुमालाआड सेफ्टी पिनने टोचून ठेवायची. आता त्यावर दिवसातून दहा वेळा तोंडाने म्हणायचं, की माझा नवरा गेला. सासूबाईंना कळलं तर, असं काहीतरी ती बोलली.

शरयूने तिच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि आपली तिच्या हातात कोंबली.

"दे इकडे. वॉर्डसाहेब अडीचशे वर्षांपूर्वी गेलेत, नीलू. त्यांचं सुतक मला नाही."

झालं ते इतकंच. उन्हाळाभर शरयू कमरेला किल्ल्या लावून त्या दारात उभी राहिली आणि तिच्या वाक्यातल्या 'आत या, बसा'ला अशी ऊब होती की माणसं खरंच बसत. आणि ऑगस्टमध्ये सत्यजितला आणायला गेलेली नीलांबरी शुभाकाकूंच्या ओट्याशी चहा पिताना ही गंमत सांगून बसली. शरयू दर मंगळवारी विधवा होते, मंगळसूत्र डबीत ठेवते, असं हसत हसत. चिठ्ठी आधी कोणाच्या हातात आली होती ते मात्र तिने सांगितलं नाही. का नाही, ते तेव्हा तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, त्यात काय सांगायचं?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी, रूट सातवर पावसात एक ट्रक घसरला. अंकुर आपल्या सहा वर्षांच्या अदितीला शाळेतून आणायला निघाला होता. तो शाळेपर्यंत पोचला नाही.

नागपूरहून अंकुरचे आईवडील आले. दिगंबरकाका सोफ्यावर बसून राहत, शोभनाकाकू अंकुरच्या शर्टांच्या घड्या मोडत आणि पुन्हा घालत. तरणा मुलगा गेलेली माणसं ती, त्यांच्या दुःखाला बोल लावायला कोणाची जीभ रेटणार? शुभाकाकू रोज डबा घेऊन येत, त्यांच्याजवळ बसत, त्यांचे हात हातात घेत. आणि अशाच एका दुपारी, सांत्वनाच्या भरात, त्यांनी ती मंगळवारची गोष्ट सांगितली. वाईट हेतूने नव्हे. दुःखाला कारण सापडलं की ते जरा सुसह्य होतं, असं त्यांना वाटलं असावं.

तेराव्या दिवशी अपार्टमेंटमध्ये बायका जमल्या होत्या. नीलांबरी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली, तेव्हा शोभनाकाकूंचा आवाज तिने ऐकला. तो चढलेला नव्हता, उलट थकलेला होता.

"पोराचं नशीब खोटं नव्हतं. हिनंच रोज तोंडानं म्हणून म्हणून ओढून आणलं न बाप्पा. गळ्यातलं काढून ठेवे आणि चारचौघांत म्हणे, नवरा मेला. मग काय होईन?"

कोपऱ्यात गुडघ्यांना मिठी मारून बसलेल्या शरयूने मान वर केली आणि बायकांच्या डोक्यांवरून सरळ नीलांबरीकडे पाहिलं. क्षणभरच. मग तिने नजर खाली घेतली. चिठ्ठी कोणाची होती हे तिने तिथे सांगितलं असतं, तर अर्धा भार तरी दुसरीकडे गेला असता. ती बोलली नाही. ट्रेमधल्या कपांचा खडखडाट होऊ नये म्हणून नीलांबरीने तो ओट्यावर ठेवून दिला. तीही बोलली नाही.

वकिलाने सांगितलं, नवरा गेला तशी तुमची इथली कायदेशीर जागाही गेली, जे करायचं ते लवकर करा. दिगंबरकाकांचं ठरलेलं होतं. सुनेला आणि नातीला घेऊन नागपूरला जायचं, फेब्रुवारीची तिकिटं बघायची. शरयूला ते घर माहीत होतं. तिथे अंकुरच्या एका विधवा आत्याने चाळीस वर्षं मागच्या खोलीत काढली होती. घरात मंगलकार्य असलं की आत्या आपणहून दार लावून घेई, आणि सगळे म्हणत, किती समजूतदार.

मिसेस हॉलोवेंनी वाट काढली. डोंगरापलीकडच्या कॉलेजात संग्रहालय चालवण्याचं शिक्षण मिळे. तिथे त्यांचा शब्द चाले. सप्टेंबरपासून प्रवेश आणि शिष्यवृत्ती, दोन्ही होण्यासारखं होतं. पुढे एल्म क्रीकमध्येच काम. अडचण मधल्या महिन्यांची होती. अंकुरच्या नावावरचं अपार्टमेंट फेब्रुवारीच्या सुरुवातीला सोडायचं होतं. व्हिसा बदलायच्या अर्जाबरोबर राहण्याचा पत्ता हवा आणि राहण्याजेवण्याची हमी लिहून देणारं कोणीतरी हवं.

शरयूने आधी दोन घरी विचारलं होतं. एका घरी पाहुणे येणार होते, दुसऱ्या घरी अचानक रंगकाम निघालं. मग ती नीलांबरीकडे आली. नीलांबरीच्या घराला खाली प्रशस्त बेसमेंट होतं, वेगळं दार, वेगळी बाथरूम.

नीलांबरी हो म्हणाली. तिने मनापासून हो म्हटलं होतं. शंतनूला विचारलं तर तो लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला की तुला योग्य वाटेल ते कर, हमीच्या कागदावर सही करतो, फक्त आईला हे मी नाही सांगणार.

जानेवारीत सत्यजितचं बोरन्हाण करायचं होतं. पहिल्या संक्रांतीला तो जेमतेम तीन महिन्यांचा होता, म्हणून ते या वर्षावर टाकलेलं. सासूबाईंनी पुण्याहून हलव्याचे दागिने पाठवले होते, काळं झबलं पाठवलं होतं. बोरं इथे मिळत नाहीत म्हणून नीलांबरीने ब्लूबेरी आणल्या, चुरमुरे आणले, चॉकलेटं आणली. त्याच दिवशी बायकांचं हळदीकुंकू. पंचवीस जणींना ईमेल गेला. त्यात शरयूचं नाव घालताना तिचं बोट थबकलं. बोलावलं आणि कुंकू लावायची वेळ आली, तर? तिलाच वाईट वाटेल, असं नीलांबरीने स्वतःला सांगितलं. आपण तिच्याच भल्याचा विचार करतोय, हेही सांगितलं. अदितीला मात्र घेऊन जाईन म्हणून फोन केला. लहान मुलं लागतातच, डोक्यावरून ओतलेला खाऊ वेचायला.

शरयूने अदितीचे केस विंचरून दिले, नवा फ्रॉक घातला आणि दारात येऊन हात केला. आत ये म्हणाली नाही, तू का नाही बोलावलंस असंही म्हणाली नाही.

घर माणसांनी भरलं. पाटावर काळ्या झबल्यातला सत्यजित, गळ्यात पांढऱ्याशुभ्र हलव्याचा हार, कानांवर हलव्याचे झुबके. ब्लूबेऱ्या आणि चॉकलेटं त्याच्या डोक्यावरून सांडली तशी पोरं गलका करत तुटून पडली. बाजूला शुभाकाकू तबक घेऊन बसल्या होत्या. बायकांना हळदीकुंकू, तिळगूळ आणि वाण म्हणून हलव्याने भरलेली स्टीलची वाटी. छोट्या मुलींनाही बोलावून त्या कुंकवाचं बोट टेकवत होत्या. अदितीची पाळी आली. तिने आपली वाटी घेतली आणि तबकातून आणखी एक उचलली.

"वन फॉर ममा," ती म्हणाली.

शुभाकाकूंनी तिच्या हातातून ती दुसरी वाटी हलकेच काढून घेतली. ओरडल्या नाहीत, उलट तिच्या गालावरून हात फिरवला. ममाला नको हं ती, म्हणाल्या. अदितीला कळेना. बट व्हाय, शी लाइक्स हलवा, असं ती म्हणत राहिली, आणि मग तिने मान वळवून नीलूमावशीकडे पाहिलं. ही नीलूमावशीची वाटी होती, नीलूमावशीचं घर होतं.

नीलांबरी सत्यजितच्या डोक्यावर चुरमुरे ओतत होती. तिने ते पाहिलं. भांडं रिकामं झालं तरी तिचा हात काही वेळ तसाच तिरका राहिला. ती काही बोलली नाही, हे लिहिताना लिहिणारीलाही लाज वाटते. पण पंचवीस बायकांपैकी एकही बोलली नाही आणि त्यांत डॉक्टर होत्या, प्रोफेसर होत्या.

अदितीने आपल्या वाटीतला हलवा कागदी रुमालात पुरचुंडी करून बांधला आणि फ्रॉकच्या खिशात ठेवला.

बायका पांगताना शुभाकाकू स्वयंपाकघरात आल्या. बेसमेंटचं त्यांच्या कानावर आलं होतं. मी जुन्या वळणाची नाही, म्हणाल्या, पण घरात इतकं लहान मूल, मार्चमध्ये तुझ्या सासूबाई येणार, रोज सकाळी उठून त्यांनी काय बघायचं? थोडे महिने जाऊ देत ना. मंगळवारी सत्यजितला सोडतेस तेव्हाही मला बरं वाटायला हवं गं. धमकी नव्हती ती. पण नीलांबरीला कळलं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. त्यांनाही कोणीतरी कळवलं होतं. त्या रडल्या. माझ्या एकुलत्या एका मुलाचं घर आहे ते, एवढंच म्हणत राहिल्या.

हिवाळ्यात एल्म क्रीक पाहुण्यांसाठी बंद असे. मंगळवारी तिथली कामाची माणसं तेवढी जमून फाटके झगे शिवत, लोकर पिंजत. त्या मंगळवारी खानावळीत दोघीच होत्या. नीलांबरीने चूल पेटवली, पुन्हा पुन्हा सारखी केली आणि चुलीकडे बघतच म्हणाली की बेसमेंटला ओल आलीय, भिंत उकरावी लागणार, मार्चपर्यंत काही खरं नाही.

शरयू टोपीची झालर टाचत होती. तिने दोरा दाताने तोडला.

"तुला खोटं बोलता येत नाही, नीलू. वाटीचं मला अदितीने सांगितलं." तिने सुई टोपीत खोचली. "तिने विचारलं, ममा, तू काय केलंस? मी कुंकवाचं समजावू शकले असते. पण तिने हे विचारलं."

नीलांबरी रडायला लागली. शुभाकाकू, सासूबाई, शंतनू, एकेकाचं नाव घेऊन ती सांगत सुटली. शरयूने ऐकून घेतलं.

"त्या चिठ्ठीचं मी कोणाला बोलले नाही. बोलणारही नाही. तू घाबरली होतीस आणि मी हसले होते, तेवढंच ते होतं. माझ्या तोंडच्या वाक्याने अंकुर गेला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तुला माहीत आहे का, एवढंच मला बघायचं होतं."

मग तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला.

"अडीचशे वर्षांपूर्वी, जंगलात, तटाच्या आतल्या बाईला घर होतं," ती म्हणाली. "मला अ‍ॅशबर्नमध्ये बेसमेंट नाही."

फेब्रुवारीच्या चार तारखेला विमान होतं. विमानतळावर सोडायला शंतनू गेला. नीलांबरीला ताप आला होता, निदान तसं तिने सांगितलं.

मार्चमध्ये एल्म क्रीक उघडलं. मिसेस हॉलोवेंनी वॉर्डबाईंचं काम कोणाला द्यावं म्हणून टोपली काढली, तर नीलांबरी पुढे झाली आणि म्हणाली की चिठ्ठ्या नकोत, ही चिठ्ठी माझीच होती. तिने लॉकरपाशी जाऊन मंगळसूत्र काढलं. सेफ्टी पिनने टोचून लपवलं नाही. पत्र्याच्या डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. पहिल्या दिवशी वाक्य म्हणताना तिचा आवाज फुटत होता. घरी पोचेपर्यंत तिने शंतनूला तीन वेळा फोन केला. दुसऱ्या मंगळवारी एकदा केला. मेमध्ये केलाच नाही.

सासूबाई आल्या, त्यांना तिने स्वतः सांगितलं. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, मग जेवल्या. शुभाकाकूंनी सत्यजितला सांभाळणं बंद केलं. नीलांबरीने त्याला एक लहानसा अंगरखा शिवला आणि बरोबर न्यायला सुरुवात केली. तो खानावळीत मक्याचे दाणे सांडत फिरे आणि पाहुण्यांना फार आवडे. शंतनूला त्या वर्षभरात एकदा सर्दी झाली.

नागपूरला फोन केला की दिगंबरकाका घेत. शरयू देवळात गेलीय, शरयू झोपलीय. पत्रांना उत्तर येईना. डिसेंबरमध्ये मिसेस हॉलोवेंनी कॉलेजचं नवं पत्र आणलं, येत्या सप्टेंबरची जागा अजून देता येईल असं. नीलांबरीने हमीचा कागद शंतनूसमोर ठेवला. या वेळी तिने योग्य काय ते विचारलं नाही. इथे सही कर, म्हणाली, माझी चालत नाही म्हणून तुझी मागतेय. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि सही केली. बेसमेंटमध्ये दोन पलंग आले.

संक्रांत पुन्हा आली. या वर्षीच्या ईमेलमध्ये नीलांबरीने लिहिलं की माझ्या घरी हळदीकुंकवाला कोणतीही बाई येऊ शकते, नवरा असलेली, नसलेली, नवरा गेलेली, सोडलेली. तबक सगळ्यांपुढे सारखंच येईल. पंचवीसपैकी चौघींनी येते म्हणून कळवलं. त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी नऊ वाजता तिने फोन कार्ड खरवडलं आणि नागपूरचा नंबर लावला. तिकडे संध्याकाळ झाली असणार. पलीकडे बांगड्यांचा आणि बोलण्याचा गजबजाट होता.

"हॅलो, कोण बोलतंय?"

आवाज अदितीचा होता. वर्षापूर्वी ही पोर मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची.

"अदिती, मी नीलूमावशी. ममाला दे गं फोन."

"आई आतल्या खोलीत आहे." ती कुजबुजायला लागली. "घरी हळदीकुंकू आहे ना. बायका जाईपर्यंत ती बाहेर नाही येत. मी तिला मागून हलवा नेऊन देते. कोणाला सांगू नका हं."

शेजारच्या खुर्चीवर शंतनू पोहे खात होता. नीलांबरीने ओट्याची कड घट्ट धरली.

"अदिती, आजीला बोलाव. फोन आजीला दे."

"आजी रागावेल."

"माझ्यावर रागावेल. तुझ्यावर नाही. दे."

रिसीव्हर हातातून हातात गेला. शोभनाकाकूंनी कोण म्हणून विचारलं आणि नाव ऐकताच, घरात पाहुणे आहेत, नंतर कर, असं म्हणाल्या. नीलांबरीने ठेवू नका म्हणून विनवलं. वर्षभर मनात घोळलेलं सगळं त्या क्षणी पळून गेलं आणि जे उरलं होतं तेच तिच्या तोंडून आलं.

"काकू, ती विधवेची चिठ्ठी माझ्या हातात आली होती. मी घाबरले, म्हणून शरयूने घेतली. मी ते कोणाला सांगितलं नाही. तेराव्याला मी दारात उभी होते, तेव्हाही नाही. गेलं वर्षभर दर मंगळवारी मी मंगळसूत्र काढून ठेवते आणि शंभर माणसांसमोर म्हणते, माझा नवरा गेला. तो आत्ता माझ्याशेजारी बसून पोहे खातोय. तुमच्या अंकुरला शरयूने नेलं नाही, काकू. पावसाने नेलं. तिची इथे शिकायची जागा आहे, आमच्याकडे तिचं आणि अदितीचं घर आहे. यायचं की नाही ते ती ठरवेल. तुम्ही फक्त तिला फोन द्या. त्या सगळ्यांच्या समोरून येऊ दे तिला."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, अडखळणारा. मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. फोन कापला गेला नव्हता. बांगड्या वाजत होत्या, मग त्याही थांबल्या. कोणाच्यातरी लहान पावलांचा धावण्याचा आवाज लांब लांब गेला.

कार्डातली बाई मध्येच बोलली, चार मिनिटं शिल्लक आहेत. शंतनूने बशी खाली ठेवली होती. सत्यजित आईच्या गुडघ्याला लोंबकळत होता. नीलांबरी फोन कानाशी घट्ट दाबून उभी राहिली आणि कुठेतरी त्या घराच्या अगदी आत एक कडी वाजलेली तिने ऐकली. ती कडी आतून काढली गेली की बाहेरून, हे इतक्या लांबून कळायला काही मार्ग नव्हता.